ओळखीचा घोटाळा, हाणामारी आणि हसू : लोकप्रिय विनोदी चित्रपटाची समीक्षा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• ओळखीच्या घोटाळ्यावर उभ्या असलेल्या कथानकाचे प्रकार सांगता येतील.
• अशा चित्रपटांवर समीक्षकांनी घेतलेले आक्षेप समजून घेऊन त्यांचे मूल्यमापन करता येईल.
• एखाद्या चित्रपटाविषयीचे मत काळानुसार का बदलते, याची कारणे स्पष्ट करता येतील.
• स्वतः पाहिलेल्या विनोदी चित्रपटाचे परीक्षण निकषांच्या आधारे लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण पुस्तक-परीक्षणाचा विचार केला. या घटकात चित्रपट-परीक्षणाकडे वळायचे आहे. त्यासाठी मुद्दामच अवघड प्रकार निवडला आहे. तो म्हणजे एकाला दुसराच समजल्यामुळे उडणाऱ्या गोंधळाचा, पळापळीचा आणि मारामारीचा विनोदी चित्रपट. असा चित्रपट पाहताना आपण मनमुराद हसतो. परंतु त्याविषयी लिहायला बसलो की दोन-तीन वाक्यांच्या पुढे लेखणी सरकत नाही. ‘धमाल आहे’ किंवा ‘डोके बाजूला ठेवून पाहावा’ एवढे म्हणून आपण थांबतो. जे आपल्याला इतके आवडले त्याबद्दल बोलायला शब्द नसावेत, ही समीक्षेच्या विद्यार्थ्याची अडचण आहे. ती दूर करणे हा या घटकाचा हेतू आहे.

या घटकातील विवेचन शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांना समोर ठेवून केले आहे. शिरूर, म्हणजेच घोडनदी, पुणे–नगर रस्त्यावर आहे. दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून मनमाडकडे जाणारा फाटा तेथून निघतो. दोन्ही गावे पुण्यापासून सुमारे ७०-८० किलोमीटरवर आहेत. येथील प्रेक्षकाचे मन दोन शाळांत घडलेले असते. एक शाळा पुण्याची. तेथे चित्रपटगृहे आहेत, १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दुसरी शाळा गावच्या यात्रेची. तेथे रात्रभर रंगणारा तमाशा असतो, दौंड तालुक्यात चौफुल्यासारख्या ठिकाणी संगीत बारी असते, आणि शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे शाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांच्यासारख्या लेखकांनी तमाशा फडांसाठी लिहिलेल्या लावण्या आणि वग असतात. चित्रपटाची समीक्षा बहुधा पहिल्या शाळेच्या भाषेत लिहिली जाते. ओळखीच्या घोटाळ्याचा विनोद मात्र दुसऱ्या शाळेला अधिक जवळचा आहे. या दोहोंत जे अंतर पडते, त्यातून या चित्रपटांच्या समीक्षेचे बरेचसे प्रश्न निर्माण झाले आहेत.

२. विषय-विवेचन

२.१ ओळखीच्या घोटाळ्याचे तीन प्रकार

ओळखीचा घोटाळा म्हणजे एका व्यक्तीला दुसरी व्यक्ती समजणे, आणि त्या समजुतीवर कथानकातील पुढच्या घटना आधारलेल्या असणे. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

(अ) साम्यातून होणारा घोटाळा. जुळी भावंडे किंवा हुबेहूब दिसणारी माणसे यांमुळे तो होतो. शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकात जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत. गुलजार यांचा ‘अंगूर’ (१९८२) हा हिंदी चित्रपट त्याच नाटकावर बेतलेला आहे.

(आ) सोंगातून होणारा घोटाळा. येथे कोणीतरी गरजेपोटी दुसऱ्याचे रूप घेतो. महाभारतातील विराटपर्व हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण. बल्लव झालेला भीम आणि बृहन्नडा झालेला अर्जुन विराटाच्या नगरीत वर्षभर दुसऱ्याच नावाने राहतात.

(इ) गैरसमजातून होणारा घोटाळा. येथे कोणी सोंग घेतलेले नसते. पाहणाऱ्यांच्या मनातील भीती, हाव किंवा संशय चुकीची ओळख तयार करतो. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’ या नाटकात गावातील भ्रष्ट अधिकारी एका उपऱ्या तरुणाला सरकारी तपासनीस समजतात. पु. ल. देशपांडे यांनी या नाटकाचे ‘अंमलदार’ हे रूपांतर केले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ (१९१६) मध्ये एका तसबिरीमुळे संशयाची जी साखळी सुरू होते, तीही याच प्रकारात मोडते.

चित्रपटात हे प्रकार अनेकदा मिसळलेले असतात. परीक्षण लिहिताना प्रथम घोटाळा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे, कारण प्रत्येक प्रकारात विनोदाचा रोख वेगळा असतो. पहिल्यात दैव हसवते आणि दुसऱ्यात गरज. तिसऱ्यात मात्र फसणाऱ्याचा स्वभावच हसू निर्माण करतो.

२.२ प्रेक्षकाला काय माहीत असते?

विनोदाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, घोटाळा प्रेक्षकाला ठाऊक आहे काय? रंगमंचावरील पात्राला जे कळलेले नाही ते प्रेक्षकाला कळलेले असते, तेव्हा पात्राच्या साध्या वाक्यालाही दुहेरी अर्थ येतो. यालाच नाट्यगत उपरोध म्हणतात. कीचक अंधारात सैरंध्री समजून ज्याच्याजवळ जातो तो भीम आहे, हे श्रोत्याला आधीपासून माहीत असते. म्हणूनच कीचकाचा प्रत्येक लाडिक शब्द ऐकताना श्रोत्याला हसू येते आणि पुढे काय होणार या कल्पनेने अंगावर काटाही येतो. ओळखीचा घोटाळा, विनोद आणि हाणामारी या तिन्ही गोष्टी या एका प्रसंगात एकत्र आलेल्या आहेत.

तमाशाने हेच तत्त्व लोकांच्या अंगवळणी पाडले. गवळणीतील मावशीचे काम पुरुष करतो, हे यात्रेला आलेल्या लहान मुलालाही माहीत असते. तो पुरुष आहे हे लपवण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. प्रेक्षक आणि नट यांच्यात जणू करार झालेला असतो : ‘तू बाई हो, आम्ही तुला बाई मानतो, आता पुढे काय करतोस ते दाखव.’ विनोदी नटाला ‘सोंगाड्या’ म्हणतात यातही तो करार आहे. सोंग हे सोंग म्हणूनच दाखवायचे आणि तसे दाखवूनही ते रंगवायचे, हे त्याचे कौशल्य.

नाट्यसंगीताच्या काळात बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा करार निराळा होता. तेथे प्रेक्षकाने पुरुष विसरून स्त्रीचे सौंदर्य पाहायचे होते. तमाशातील मावशी पाहताना मात्र पुरुष विसरायचा नसतो. एकाच प्रकारच्या वेषांतराचे हे दोन वेगळे करार आहेत. चित्रपट यांपैकी कोणता करार करतो हे न पाहता त्याला ‘बटबटीत’ किंवा ‘अविश्वसनीय’ म्हणणे, हे मावशीला बालगंधर्वांच्या मापाने मोजण्यासारखे आहे.

२.३ ‘अशी ही बनवाबनवी’ : एक उदाहरण

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर तो आधारलेला आहे. त्याचे लेखन वसंत सबनीस यांनी केले. ही बाब समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे गाजलेले लोकनाट्य सबनीसांचे. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाचे लेखनही त्यांचेच. म्हणजे वगाची रचना ज्याच्या हाडीमासी मुरलेली होती, अशा लेखकाने पुण्यातील भाड्याच्या घराची ही गोष्ट मराठीत आणली.

कथेचा गाभा साधा आहे. घरमालक विश्वास सरपोतदार यांच्या घरातून बाहेर पडावे लागलेल्या चार तरुणांना पुण्यात जागा हवी आहे. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात जागा आहे; परंतु ती फक्त विवाहित जोडप्यांसाठी. मग धनंजय मानेची पत्नी म्हणून परशा ‘पार्वती’ होतो आणि शंतनूची पत्नी म्हणून सुधीर ‘सुधा’ होतो. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे यांनी हे चौघे रंगवले. लीलाबाई नयनतारा यांनी आणि सरपोतदार सुधीर जोशी यांनी साकारले.

आता आपल्या निकषांनी पाहा. घोटाळा सोंगाचा आहे आणि तो प्रेक्षकापासून क्षणभरही लपवलेला नाही. साड्या नेसण्याचा निर्णय आपल्यासमोर होतो. त्यामुळे ‘हे पुरुष ओळखू कसे येत नाहीत?’ हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. करार आपण मान्य केलेला असतो. त्यानंतर लेखक एक काम अतिशय काटेकोरपणे करतो : प्रत्येक खोट्याची किंमत पुढच्या खोट्यात वसूल करतो. बाई झालेल्या सुधीरला प्रेमात पडल्यावर पुरुष म्हणूनही समोर यावे लागते. पार्वतीला दिवस गेल्याचे जाहीर झाल्यावर डोहाळजेवण टाळता येत नाही. बाहेरून कोणताही योगायोग येऊन पात्रांना सोडवत नाही. आधीच्या थापेची गाठ सोडवायला जावे तर नवी गाठ बसते. मूळ परिस्थिती अशक्य असली तरी तिच्यातून निघणारे परिणाम तर्कशुद्ध आहेत. या प्रकारच्या विनोदाचे खरे वास्तव येथे असते.

दुसरी गोष्ट, घोटाळ्याच्या मुळाशी एक ओळखीची अडचण आहे. शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी शिरूर-दौंडहून पुण्याला गेलेल्या एकट्या तरुणाला ‘फक्त कुटुंबासाठी’ ही अट नवी नाही. एकट्या मुलीच्या वाट्याला तर त्याहून कठीण अटी येतात. चित्रपट याविषयी भाषण करत नाही. परंतु चार धडधाकट तरुणांना छपरासाठी आपली ओळखच बदलावी लागते, हे त्याने मध्यवर्ती केले आहे. घरमालकिणीचे काळभोर हे आडनावही पाहा. पुण्याहून दौंडकडे जाताना वाटेत लागणाऱ्या लोणी काळभोर या गावाची त्याने आठवण होते. अशा तपशिलांमुळे परभाषेतून आलेली कथा इथल्या मातीत रुजते.

२.४ हाणामारी कशासाठी?

ओळखीच्या घोटाळ्याला पाठलाग आणि मारामारी यांची जोड मिळाली की ज्याला ‘ॲक्शन-कॉमेडी’ म्हणतात तो प्रकार तयार होतो. मराठीत या वळणाला महेश कोठारे यांनी लोकप्रिय केले. तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) वर आधारित ‘धूमधडाका’ (१९८५) मध्ये मित्राच्या लग्नासाठी एक तरुण त्याचा श्रीमंत बाप बनून येतो. पुढे ‘थरथराट’ (१९८९) आणि ‘धडाकेबाज’ (१९९०) या चित्रपटांत टकलू हैवान आणि कवट्या महाकाळ यांच्यासारखे खलनायक आले. ‘धडाकेबाज’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांची दुहेरी भूमिका आहे.

अशा चित्रपटातील मारामारीकडे समीक्षक बहुधा ‘शेवटची वीस मिनिटे भरून काढण्याची सोय’ म्हणून पाहतो. काही चित्रपटांच्या बाबतीत ते खरेही असते. पण फरक कसा ओळखायचा? त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. मारामारीतून ओळखीचा घोटाळा वाढतो किंवा सुटतो काय, ते पाहावे. फटका चुकीच्या माणसाला बसला, खरा समजून खोट्याला पकडले, शत्रूच्या माणसांनाच आपला म्होरक्या कोणता ते कळेना, तर ती मारामारी कथानकाचा भाग आहे. नायक आणि गुंड कोणीही असते तरी तीच मारामारी झाली असती, असे वाटले तर ती वरून चिकटवलेली आहे. भीमाने कीचकाला मारण्याचा प्रसंग पहिल्या प्रकारचा आहे. तेथे पहिला आघात हीच ओळख पटण्याची खूण असते.

२.५ समीक्षेचे आक्षेप आणि त्यांचा विचार

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील मराठी विनोदी चित्रपटांवर घेतले गेलेले आक्षेप साधारणपणे चार प्रकारचे आहेत. ते नीट समजून घ्या; कारण परीक्षेत आणि परीक्षणातही त्यांना उत्तर द्यावे लागते.

पहिला आक्षेप : हे अशक्य आहे. या आक्षेपाचा विचार वर झाला आहे. मूळ गृहीतक अशक्य असणे हा दोष नव्हे. मान्य केलेल्या गृहीतकाशी चित्रपट प्रामाणिक राहिला नाही, तर मात्र तो दोष ठरतो. अडचण आली की योगायोगाने सुटका, हे लेखनाचे अपयश आहे, आणि ते तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप : कथा उसनी आहे. यातील अनेक चित्रपट तमिळ किंवा हिंदी चित्रपटांवर बेतलेले आहेत, हे खरे. पण ‘संशयकल्लोळ’चे मूळही मोलिएरच्या नाटकात आहे आणि ते इंग्रजी रूपांतराच्या वाटेने देवलांपर्यंत आले. नाटकाच्या इतिहासात रूपांतराला आपण मान देतो. मग चित्रपटाच्या बाबतीत तेच रूपांतर आपोआप हलके कसे ठरेल? दोन्हींना एकच प्रश्न विचारला पाहिजे : रूपांतरकाराने परक्या कथेत आपल्या समाजाचे काय भरले? ज्या रूपांतरात फक्त पात्रांची नावे बदललेली असतात, त्यावर हा आक्षेप पूर्णपणे लागू होतो.

तिसरा आक्षेप : हा विनोद बटबटीत, एकसुरी आहे. एका चित्रपटाच्या यशानंतर त्याच नटांना घेऊन त्याच धाटणीचे अनेक चित्रपट निघाले आणि त्यांतील बरेचसे विसरले गेले. हा आक्षेप त्या लाटेला उद्देशून असेल तर रास्त आहे. मात्र लाटेवरचा राग प्रत्येक चित्रपटावर काढणे योग्य नव्हे. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना ‘श्यामची आई’ला मिळालेले राष्ट्रपती सुवर्णपदक आणि त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी ‘श्वास’ला मिळालेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ही दोन शिखरे सांगण्याची प्रथा आहे. दोन्ही मान यथायोग्यच आहेत. पण त्यामुळे मधली दशके ओसाड होती असा समज पसरतो, आणि ज्या प्रेक्षकाने त्या दशकांत चित्रपटगृहे भरवली त्याची अभिरुचीही ओसाड ठरते. ‘ग्रामीण प्रेक्षकासाठी काढलेला’ हे विशेषण परीक्षणात दिसले, तर ते वर्णन आहे की निकाल आहे, हे तपासून पाहावे.

चौथा आक्षेप : हसू कोणाच्या जिवावर? चारही आक्षेपांत हा सर्वांत गंभीर आहे आणि तो आजच्या वाचकाकडून अधिक येतो. पुरुषाने साडी नेसली एवढ्यावरच हसू येत असेल, तर बाई असणे हेच हास्यास्पद आहे असे त्यातून सूचित होते. व्यंग, बोलण्याची लकब, वर्ण, जाडी यांवरचा विनोदही याच जातीचा. ‘अशी ही बनवाबनवी’लाही हा प्रश्न विचारावा. तेथे हसू बव्हंशी सोंग घेणाऱ्यांच्या फजितीवर आहे, हा त्याचा गुण. पण फसवणूक होते ती मुख्यतः एका वृद्ध, एकट्या स्त्रीची आणि प्रेमात पडलेल्या मुलींची. सत्य कळल्यावर दुखावले जाण्याचा हक्क सर्वांत अधिक त्यांचाच. चित्रपट त्या दुखावण्याला पुरेसा वेळ देतो काय? या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतः चित्रपट पाहून द्यावे. आवडत्या कृतीला असा प्रश्न विचारला म्हणजे तिच्यावरचे प्रेम कमी होत नाही.

२.६ पहिले पाहणे आणि दहावे पाहणे

आता या घटकातील मध्यवर्ती मुद्द्याकडे येऊ. ओळखीच्या घोटाळ्याचे काही चित्रपट प्रदर्शित झाले तेव्हा दुर्लक्षित राहिले आणि नंतर अत्यंत लोकप्रिय झाले. राजकुमार संतोषी दिग्दर्शित ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) हे हिंदीतील ठळक उदाहरण आहे. आमिर खान आणि सलमान खान असे दोन नायक असूनही त्याला तिकीटबारीवर यश मिळाले नाही. पुढे दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ यांच्या माध्यमातून तो घरोघरी पोहोचला, त्यातील वाक्ये लोकांच्या तोंडी बसली, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत प्रदर्शित करण्यात आला. चित्रपट तोच होता. मग बदलले काय?

त्याची रचना पाहिली म्हणजे उत्तर मिळते. या चित्रपटात घोटाळ्यांचे तीन थर आहेत. परेश रावल यांनी रंगवलेले तेजा आणि बजाज हे जुळे भाऊ आहेत. जिला सगळे श्रीमंत वारसदार समजतात ती वारसदार नाही आणि जिला तिची सोबतीण समजतात ती खरी वारसदार आहे. शिवाय दोन्ही नायक त्या घरात शिरण्यासाठी सोंगे घेतात. म्हणजे २.१ मध्ये पाहिलेल्या प्रकारांची येथे सरमिसळ झाली आहे. त्यातच वारसदाराचा घोटाळा काही काळ प्रेक्षकापासूनही लपवलेला आहे. त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा प्रेक्षक कोण कोण आहे हे लावण्यातच गुंततो. दुसऱ्यांदा पाहताना त्याला सगळे ठाऊक असते. आता प्रत्येक वाक्याचा दुहेरी अर्थ त्याला ऐकू येतो. नाट्यगत उपरोध या चित्रपटात दुसऱ्या खेपेला पूर्णपणे कामाला लागतो. ‘बनवाबनवी’ने मात्र घोटाळा आरंभीच सांगून टाकल्यामुळे पहिल्या खेपेलाच हा आनंद दिला. (विजू खोटे हे नट या दोन्ही चित्रपटांत आहेत, त्यांच्या भूमिकांची तुलना करून पाहावी.)

यावरून एक निष्कर्ष निघतो. ओळखीच्या घोटाळ्याचा विनोद पुनःपुन्हा पाहण्याने वाढतो. वर्तमानपत्रातील परीक्षण मात्र एकदाच, तेही प्रदर्शनाच्या आठवड्यात पाहून लिहिले जाते. या प्रकारच्या चित्रपटांवर समीक्षेत अन्याय झाला असेल, तर त्याचे एक कारण समीक्षकाच्या अभिरुचीत नसून त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. याउलट यात्रेतील प्रेक्षक तोच वग वर्षानुवर्षे पाहत आलेला असतो. पुढे काय होणार हे माहीत असणे त्याला रसभंग वाटत नाही. ते रसग्रहणाचे भांडवल असते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठी आणि २००७ मध्ये सुरू झालेल्या झी टॉकीज या वाहिन्यांच्या काळात शहरातील प्रेक्षकालाही तेच चित्रपट वारंवार पाहण्याची सवय लागली. वगाच्या प्रेक्षकाची सवय अशा रीतीने सर्वांची झाली आणि त्या चित्रपटांचे मोल नव्याने ठरू लागले.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक किंवा प्रेक्षक कलाकृतीकडे कोऱ्या मनाने येत नाही; आधी पाहिलेल्या कृतींनी त्याच्या अपेक्षा आखलेल्या असतात. काळ बदलला की हे क्षितिज सरकते आणि त्याच कृतीचा अर्थ बदलतो. हे सरकणे दोन्ही दिशांनी होते, हे लक्षात ठेवा. एकेकाळी क्षुल्लक ठरलेला चित्रपट मोठा ठरतो; तसेच एकेकाळी निखळ वाटलेला विनोद आज बोचतो. म्हणून ‘लोकांना अजून आवडतो’ हा पुरावा आहे, पण अखेरचा निवाडा नाही.

२.७ परीक्षण लिहिताना

वरील विवेचनातून पुढील चार प्रश्न तयार होतात. परीक्षण लिहिण्यापूर्वी त्यांची उत्तरे टिपून ठेवा.

१. घोटाळा कोणत्या प्रकारचा आहे आणि तो प्रेक्षकाला केव्हा कळतो?
२. प्रत्येक नवा गोंधळ आधीच्या गोंधळातून निघतो की योगायोगातून?
३. हाणामारीमुळे घोटाळ्यात काही फरक पडतो काय?
४. खरी ओळख पटल्यावर कोणाचे काय बदलते, आणि हशाची किंमत कोण देते?

नमुन्यादाखल सरावासाठी तयार केलेली दोन वाक्ये पाहा.

(क) ‘चित्रपट धमाल आहे, सर्वांची कामे छान झाली आहेत, पण कथेत दम नाही.’

(ख) ‘पार्वतीला दिवस गेल्याचे जाहीर होते तेथे चौघांपुढचा प्रश्न बदलतो, तोवर त्यांना घर टिकवायचे होते, आता खोटे टिकवायचे आहे.’

पहिले वाक्य कोणत्याही चित्रपटाला लावता येईल. दुसरे केवळ एकाच चित्रपटाविषयी आहे. त्यात प्रसंग आहे, रचनेचे निरीक्षण आहे आणि मतही आहे. ‘आवडले’ हा शब्द न वापरता ते का आवडले हे त्यातून कळते. तुमच्या परीक्षणात दुसऱ्या प्रकारची निदान पाच वाक्ये असावीत.

३. सारांश

ओळखीचा घोटाळा साम्य, सोंग किंवा गैरसमज यांतून निर्माण होतो. त्याचा विनोद प्रेक्षकाच्या ज्ञानावर आणि पात्राच्या अज्ञानावर उभा असतो. महाभारतापासून तमाशापर्यंत ही परंपरा आपल्याकडे जिवंत आहे आणि वसंत सबनीसांसारख्या लेखकांमुळे ती चित्रपटात आली. गृहीतक शक्य आहे की नाही यापेक्षा त्याच्याशी चित्रपट प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. असे चित्रपट वारंवार पाहण्याने उलगडतात. म्हणून पहिल्या परीक्षणातील मत आणि नंतरचे मत यांत अंतर पडते. मात्र दीर्घ लोकप्रियतेमुळे कोणतीही कृती नैतिक प्रश्नांतून सुटत नाही.

४. स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ओळखीच्या घोटाळ्याचे तीन प्रकार सोदाहरण स्पष्ट करा.
२. मावशीचे सोंग आणि बालगंधर्वांची स्त्रीभूमिका यांतील प्रेक्षकाशी होणारा करार कसा भिन्न आहे?
३. ‘रूपांतरित कथा म्हणजे दुय्यम कथा’ या मताचे परीक्षण करा.
४. ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना एका विनोदी चित्रपटाच्या आधारे समजावून सांगा.

५. क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील साठीच्या पुढच्या दोन आणि विशीतल्या दोन प्रेक्षकांबरोबर या घटकात उल्लेखिलेला कोणताही एक चित्रपट पाहा. कोणत्या प्रसंगी कोण हसले आणि कोण हसले नाही, याची नोंद ठेवा. चित्रपट संपल्यावर न हसणाऱ्याला त्याचे कारण विचारा. शक्य असल्यास जवळच्या यात्रेतील तमाशाचा वग पाहून त्यातील सोंग आणि चित्रपटातील सोंग यांची तुलना करा. या नोंदींच्या आधारे सुमारे ६०० शब्दांचे परीक्षण लिहून आपल्या समंत्रकांना दाखवा.